एमआरआय नॉर्मल, तरी गाल बधिर आणि नजर दुहेरी: कवटीच्या तळाकडे कधी बघायचं?

यावल तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ५६ वर्षांचे, केळीचे शेतकरी, ८ वर्षांपासून शुगर. तीन महिन्यांपूर्वी उजवा गाल आणि वरच्या ओठाची उजवी बाजू जड वाटायला लागली, मग वरच्या दाढांत ठणका सुरू झाला. दोन दाढा काढल्या, पण फरक पडला नाही. पाच आठवड्यांपासून उजवीकडे पाहिलं की एकाचे दोन दिसतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की शुगरमुळे नस कमजोर झाली आहे, तीन महिन्यांत भरून येईल. मेंदूचा साधा एमआरआय झाला, रिपोर्ट नॉर्मल आला. आता पंधरा दिवसांपासून उजवा कान गच्च झाला आहे. दुसरे डॉक्टर म्हणतात, कवटीच्या तळाशी गाठ असू शकते, इंजेक्शन देऊन पुन्हा एमआरआय करा. मुलाचा प्रश्न सरळ आहे: "एकदा नॉर्मल आलेला एमआरआय पुन्हा कशाला? आम्हाला फिरवतायत का?"

भाऊ, मी जळगावात २६ वर्षं कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांना गाठ आहे असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही जो क्रम लिहिला आहे तो वाचून माझं मत ठाम झालं: दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी करायला हवी, आणि ती पुढच्या महिन्यावर ढकलू नका. का, ते नीट सांगतो. कारण समजलं नाही तर तुम्ही वडिलांना तयार करू शकणार नाही. आपल्याकडे "कापणी होऊ द्या, मग बघू" हे वाक्य मी रोज ऐकतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला, त्या साध्या एमआरआयने नेमकं काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे: गाल, डोळा आणि कान या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत की एकाच ठिकाणच्या बिघाडाच्या? तुम्ही दातांचे, डोळ्यांचे आणि आता कानाचे असे तीन डॉक्टर केले. प्रत्येकाने आपापला अवयव पाहिला. त्यात त्यांची चूक काढावी असं मला वाटत नाही. पण तिन्ही गोष्टी एका कागदावर एकाखाली एक कुणी लिहिल्या नाहीत.

मेंदूतून नसांच्या १२ जोड्या निघतात. वास, नजर, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याची संवेदना, चेहऱ्याचे स्नायू, ऐकणं, गिळणं, आवाज, खांदा, जीभ ही सगळी कामं त्या करतात. मेंदू ज्या हाडाच्या तळावर बसला आहे त्याला बारीक-बारीक भोकं आहेत, आणि या नसा त्यांतूनच बाहेर पडतात. मी शेतकऱ्यांना हे डीपीच्या भाषेत सांगतो. तुमच्या एकट्याच्या विहिरीवरची मोटर बंद पडली तर तुम्ही स्टार्टर बघता, केबल बघता. पण शेजारच्या दोन शेतांतल्या मोटरी त्याच आठवड्यात बंद पडल्या तर कुणी तीन वायरमन बोलावून तीन मोटरी खोलत नाही, सगळे आधी डीपीकडे जातात. कवटीचा तळ ही तशी जागा आहे. दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरात इतक्या नसा दाटीने जातात की तिथे हरभऱ्याएवढी गाठ झाली तरी गाल, डोळा आणि दात अशी एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी लक्षणं येतात. डोकं मात्र दुखेलच असं नाही.

आता डोळ्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं घेऊ, कारण ते निराधार नाही. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारा स्नायू सहाव्या नसेवर चालतो. शुगर आणि ब्लडप्रेशरच्या रुग्णांत या नसेचा रक्तपुरवठा करणारी बारीक रक्तवाहिनी बंद होते आणि एका दिवसात दोन-दोन दिसायला लागतं. डोळ्यामागे थोडं दुखतंही. अशा बहुतेक रुग्णांचं साधारण तीन महिन्यांत भरून येतं. मी असे कितीतरी रुग्ण पाहिले आहेत. चोपड्याकडची एक आजी आली होती, पदराने एक डोळा झाकून. म्हणाली, "माले दोन-दोन दिखतस." तिला शुगर होती, बाकीच्या सगळ्या नसा चोख होत्या. तिला फक्त शुगर आवरायला सांगितलं आणि दर पंधरा दिवसांनी बोलावलं. अकराव्या आठवड्यात ती पदर न धरता चालत आली.

पण त्या आजीचा गाल बधिर नव्हता. तुमच्या वडिलांच्या गोष्टीत मी तिथेच अडतो. शुगरमुळे एक नस जाते, तीही साधारण एकदम. तीन महिने आधी गाल बधिर होणं, मग दोन-दोन दिसणं, मग कान गच्च होणं, तेही सगळं उजव्याच बाजूला आणि एकावर एक वाढत जाणारं, हे शुगरच्या खात्यात बसत नाही. गालाची, वरच्या ओठाची आणि वरच्या दातांची संवेदना पाचव्या नसेच्या मधल्या शाखेतून जाते. तीच शाखा आत दुखावली गेली की माणसाला दाढ दुखते असं वाटतं. दाढ मात्र निर्दोष असते. दाढ काढल्यावर दुखणं थांबलं नाही, हीच तुमच्या प्रश्नातली सगळ्यात बोलकी ओळ आहे.

बधिरपणाबद्दल थोडं जास्त लिहितो. रुग्ण त्याला किंमत देत नाहीत, आणि घाईत आम्ही डॉक्टरही विचारत नाही. दुखलं की माणूस धावत येतो, बधिर झालं तर सहा-सहा महिने काढतो. पारोळ्याकडच्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या, वय ३८. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ यायची, दात घासताना, तोंड धुताना. याला ट्रायजेमिनल न्युराल्जिया म्हणतात. बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी नसेला घासत असते, आणि कार्बामॅझेपिनच्या गोळीने आराम पडतो. त्यांनाही पडला. पुन्हा आल्या त्या वेगळ्याच कारणासाठी. त्यांना कान साफ करून हवा होता. बोलता बोलता म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, भरताबरोबर मिरची खाल्ली तर डावीकडे झोंबतच नाही. उजवीकडे नेली की डोळ्यातून पाणी येतं."

मी कापसाची वात करून त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवली. उजव्या गालावर त्या लगेच "हो" म्हणायच्या. डाव्या हनुवटीवर वात टेकवून मी थांबलो तरी त्या डोळे मिटून वाटच बघत होत्या. मिरचीचं झोंबणं ही चव नसते, ती पाचव्या नसेने नेलेली आग असते. साध्या न्युराल्जियात संवेदना सहसा शाबूत असते. वय चाळिशीच्या आत आणि वर बधिरपणा, म्हणून एमआरआय केला. मेंदू आणि कानाचं हाड यांच्या मधल्या कोपऱ्यात एपिडर्मॉइड नावाची गाठ निघाली. ही गाठ साध्या फिल्मवर मेंदूभोवतीच्या पाण्यासारखीच दिसते आणि सहज नजरेतून सुटते. डिफ्युजन नावाच्या वेगळ्या सिक्वेन्सवर, म्हणजे फोटो काढण्याच्या वेगळ्या पद्धतीत, ती पांढरीशुभ्र चमकते. गोळीने आराम पडला म्हणून गाठ नाही, असं धरून चालू नये, हे मला त्या ताईंनी शिकवलं.

आता तुमच्या एमआरआयकडे येतो. साधा ब्रेन एमआरआय हा मेंदूसाठी असतो. त्यात साधारण पाच-पाच मिलिमीटरचे काप घेतात. पक्षाघात, रक्तस्राव, मेंदूतली मोठी गाठ यांच्यासाठी तो पुरतो. कवटीच्या तळाची भोकं मात्र काही मिलिमीटरचीच असतात, म्हणजे अख्खं भोक दोन कापांच्या मधे हरवू शकतं. शिवाय तिथे हाडाच्या आत आणि नसेभोवती चरबी असते, ती एमआरआयवर पांढरी दिसते. इंजेक्शननंतर गाठही पांढरी दिसते. म्हणून चरबीचा पांढरेपणा दाबणारी पद्धत वापरावी लागते, तिला फॅट सप्रेशन म्हणतात. तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक काप, इंजेक्शनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो, फॅट सप्रेशन, आणि नसा पाण्यात धाग्यासारख्या दिसतात तो बारीक सिक्वेन्स, एवढं हवं. पहिला रिपोर्ट खोटा नव्हता. त्याला जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर त्याने दिलं. फॉर्मवर बहुधा "डोकेदुखी, डबल दिसणं" एवढंच लिहिलं असेल.

म्हणून या वेळी फॉर्मवर डॉक्टरांना जागा लिहायला सांगा: उजवी पाचवी नस, उजवी सहावी नस, उजवा कान, आणि पाहायच्या जागा म्हणजे कॅव्हर्नस सायनस (डोळ्यामागची जागा, जिथून सहावी नस जाते), मेकेल्स केव्ह (पाचवी नस बसते ती पोकळी), पेट्रस एपेक्स (कानाच्या हाडाचं आतलं टोक), नाकामागचा घसा आणि गालाचा सायनस (गालाच्या हाडातली पोकळी). रेडिओलॉजिस्टला पत्ता मिळाला की तो तिथे थांबून बघतो. माझ्या अनुभवात अर्धी लढाई त्या दोन ओळींत असते. वडिलांना शुगर आहे, तेव्हा इंजेक्शनआधी सीरम क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या. किडनी बरीच कमजोर असेल तर कोणतं औषध वापरायचं हे तिथले डॉक्टर ठरवतील, पण आधी सांगायला विसरू नका. हाड कुठे पोखरलं गेलं आहे का हे सीटी स्कॅनवर जास्त चांगलं कळतं, म्हणून कदाचित तोही सांगतील. ते दोन वेळा बिल लावणं नव्हे. एमआरआय मऊ भाग दाखवतो, सीटी हाड.

पण एमआरआयच्याही आधी एक तपासणी आहे, आणि तुमच्या लिहिण्यात ती कुठेच दिसली नाही: नाकातून दुर्बीण घालून नाकामागचा घसा बघणं. पाच मिनिटांचं काम, भूल म्हणजे नाकात औषधाचा बोळा, खर्च एमआरआयच्या मानाने किरकोळ. कान गच्च आहे म्हणून मी हे सांगतो आहे. कानाच्या पडद्यामागची हवा एका नळीतून नाकामागे उघडते. त्या नळीच्या तोंडाशी काही वाढलं की नळी बंद होते, पडद्यामागे पाणी साचतं आणि कान गच्च होतो. तिथली गाठ वर सरकली की कवटीच्या तळातून पाचव्या आणि सहाव्या नसेला गाठते. तुमच्या वडिलांच्या तिन्ही तक्रारी एका धाग्यात येऊ शकतात अशा जागांमधली ही पहिली.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तिची किंमत दुसऱ्याने मोजली. बऱ्याच वर्षांपूर्वी भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी डाव्या कानात पाणी म्हणून आले. सर्दी नव्हती, ॲलर्जी नव्हती. मी गोळ्या दिल्या, नाकात थेंब दिले, दीड महिन्याने पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढलं. त्यांना बरं वाटलं, मलाही बरं वाटलं. चार महिन्यांनी ते मानेत गाठ घेऊन आले. तेव्हा दुर्बीण घातली आणि नळीच्या तोंडाशीच, मऊ लालसर, पेरूच्या फोडीसारखी वाढ दिसली. तुकडा तपासला, नाकामागच्या घशाचा कॅन्सर निघाला. हा कॅन्सर आपल्याकडे विरळ, ईशान्य भारतात जास्त. म्हणूनच तो आमच्या डोक्यात पटकन येत नाही. त्यांचे उपचार मुंबईत झाले. या कॅन्सरवर ऑपरेशनपेक्षा रेडिएशन आणि केमोथेरपीच मुख्य असते, आणि त्यांना ते चांगलं लागू पडलं. पण ते चार महिने मी घालवले. त्या दिवसापासून माझ्याकडे मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी दिसलं की त्याच बैठकीत दुर्बीण होते, रुग्ण कितीही घाईत असो.

दुसरी जागा गालाचा सायनस. तिथल्या गाठीने गाल बधिर होतो आणि वरच्या दाढा दुखतात किंवा हलायला लागतात. तुमच्याकडे दाढा काढल्या तिथली जखम नीट भरली का? तिथून रक्त, पू किंवा मांसल काही वर येत असेल तर उद्याच दाखवा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. कवटीच्या तळाशी काही सापडलं तरी ती गाठच असेल असं नाही, आणि शुगरच्या रुग्णात तर तसं मुळीच धरून चालू नये. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आपण सगळ्यांनी पाहिला. गाल बधिर, पापणी पडलेली, नाकात काळी खपली. ती बुरशी आजही शुगर बेफाम असलेल्या माणसाला गाठते. म्हाताऱ्या शुगरच्या रुग्णाचा कान रात्री-रात्री ठणकत असेल आणि तोंड वाकडं झालं असेल, तर कानातून कवटीच्या हाडात पसरलेला जंतुसंसर्ग असू शकतो. एमआरआयवर तो हुबेहूब गाठीसारखा दिसतो. टीबीही तिथे बसतो. नंदुरबारच्या डोंगराळ भागातून एक तरुण "तोंडाचा लकवा" म्हणून आला होता. एक डोळा नीट मिटत नव्हता आणि गालावर एक फिकट, बधिर चट्टा होता. तो कुष्ठरोग निघाला आणि सरकारी दवाखान्यातल्या मोफत गोळ्यांनी त्याचा आजार आवरला. त्याला कुणी कवटीचा एमआरआय करायला पाठवलं असतं तर पैसेही गेले असते आणि निदानही.

याच कारणासाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. निदान होण्याआधी स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. डोळ्यामागे दुखतं आणि डोळा हलत नाही अशा एका आजारात, टोलोसा-हंट म्हणतात त्याला, स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत आराम पडतो. पण लिम्फोमासारखी (लसिका पेशींच्या कॅन्सरची) गाठही स्टेरॉइडने तात्पुरती वितळते. रुग्ण खूश होतो, तुकडा तपासला तर काही सापडत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती दुप्पट जोराने परत येते. बुरशी असेल तर स्टेरॉइडने ती भडकते, शुगरही वर जाते. ताज्या बेल्स पाल्सीत, म्हणजे एका रात्रीत तोंड वाकडं झालं तर, पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड देणं बरोबर आहे. तुमच्या वडिलांची गोष्ट तशी नाही.

बेल्स पाल्सीचा विषय निघालाच आहे तर, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी हे चालू असेल. तोंड एका-दोन दिवसांत वाकडं झालं आणि काही आठवड्यांत सुधारायला लागलं, तर बहुतेक चिंता नाही. पण तोंड हळूहळू, महिना-दीड महिना घेत वाकडं होत गेलं, आधी गाल फडफडत होता, त्याच बाजूला दुसऱ्यांदा झालं, किंवा चार महिने होऊनही जराही हललं नाही, तर मेंदूपासून कानाखालच्या लाळग्रंथीपर्यंत त्या नसेचा अख्खा रस्ता तपासायला हवा. लोक तेल-मालिश आणि शेकात वर्ष घालवतात. कानाच्या नसेवरची सगळ्यात जास्त आढळणारी गाठ, व्हेस्टिब्युलर श्वानोमा, उलट वागते. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी नस तिच्यावर रबरासारखी ताणलेली असते, तरी तोंड सहसा वाकडं होत नाही. त्यामुळे लहानशी गाठ आणि तोंड वाकडं असं असेल तर ती वेगळीच कुठली तरी गाठ आहे का, हा विचार आम्ही करतो. या श्वानोमाची सुरुवात फार साधी असते. फोन एका कानाला लावला की नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत दुसऱ्या कानाला लावायला लागतो. मी रुग्णाला विचारतो, "फोन कुठल्या हातात धरता?" उजव्या हाताचा माणूस डाव्या कानाला फोन लावून डाव्या खांद्याने दाबून धरत असेल तर मी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करतोच.

गळ्याकडच्या नसांचं चित्र आणखी फसवं असतं. आवाज बसतो, पाणी पिताना ठसका लागतो, मग एका बाजूचा खांदा उतरतो. नववी, दहावी आणि अकरावी या तीन नसा एकाच भोकातून उतरतात, म्हणून. शहाद्याचे एक गृहस्थ "जीभ जड झाली, पक्षाघात झाला" म्हणून सहा महिने गोळ्या खात होते. त्यांना जीभ बाहेर काढायला लावली तर ती डावीकडे वळली. डावी अर्धी जीभ सुकून सुरकुतली होती आणि तोंडात असताना तिच्यात बारीक फडफड दिसत होती. पक्षाघातात जीभ अशी सुकत नाही. गाठ बाराव्या नसेच्या भोकात होती, साधी होती, निघाली. कानात नाडीच्या ठोक्याबरोबर 'धप धप' ऐकू येणं, पडद्यामागे लालसर काही दिसणं, ही ग्लोमस नावाच्या रक्ताने भरलेल्या गाठीची खूण असते. तिला सुई लावायची नाही, रक्त थांबता थांबत नाही.

वास जाणं तर आपण सर्दीच्या नावावर सोडून देतो. पण वास हळूहळू कायमचा गेला, माणूस घुम्यासारखा किंवा चिडचिडा वागायला लागला आणि नजर मंदावली, तर कपाळामागच्या तळाशी मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, असू शकतो. घरचे आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. न्यूयॉर्कचे न्यूरॉलॉजिस्ट फॉस्टर केनेडी यांनी १९११ सालीच अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं: एका डोळ्याची नस सुकलेली, दुसऱ्या डोळ्याची सुजलेली.

आणि दुसरीकडे कुठे कॅन्सर होऊन गेलेला असेल, स्तनाचा, प्रोस्टेटचा, तर नसेच्या छोट्याशा तक्रारीलाही मान द्या. १९८१ साली ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ४३ रुग्णांवरून कवटीच्या तळाशी पसरलेल्या कॅन्सरचे पाच नमुने मांडले. त्यातला एक म्हणजे फक्त मानेच्या वर, डोक्याच्या मागे एका बाजूला दुखणं आणि जीभ वळणं. आणखी एक खूण, हनुवटी बधिर होणं. "डॉक्टर, हनुवटीला इंजेक्शन दिल्यासारखं वाटतं" असं कुणी म्हणालं की मी आधी जुने कागद मागतो. आपल्याकडे तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर भरपूर, आणि तोही जबड्याच्या नसेच्या वाटेने कवटीपर्यंत चढू शकतो.

आता तुमच्या मनातली भीती. गाठ म्हणजे कॅन्सर, आणि कवटी उघडायची म्हणजे माणूस गेला, असं गावात बोललं जातं. या भागातल्या पुष्कळ गाठी साध्या असतात: मेनिंजिओमा, श्वानोमा, एपिडर्मॉइड. काही वर्षानुवर्षं नुसत्या एमआरआयवर लक्ष ठेवून सांभाळतात, काहींना एका बैठकीचं नेमकं रेडिएशन पुरतं, काही नाकातून दुर्बिणीने काढतात, काहींना मोठं ऑपरेशन लागतं. कुठलं, हे गाठीच्या जातीवर, आकारावर, वयावर, आणि कोणती नस अजून शाबूत आहे त्यावर ठरतं. निदानाआधी मी त्यावर काही बोललो तर ती फक्त अटकळ होईल. एवढं मात्र नक्की सांगता येतं की गेलेली नस बहुतेकदा पूर्ण परत येत नाही, आणि चालू असलेली नस वाचवणं सर्जनला लवकर सोपं जातं. उशिराचं नुकसान तिथे होतं.

पैशाचं: शिधापत्रिका आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही कान-नाक-घसा विभाग आहे, दुर्बिणीची तपासणी तिथे होते. कवटीच्या तळाच्या ऑपरेशनसाठी मात्र जिथे न्यूरोसर्जन आणि कान-नाक-घशाचे सर्जन मिळून हे काम नेहमी करतात अशा ठिकाणीच जा, मग ते नाशिक असो, पुणे असो की मुंबई. तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला तर मुंबईच्या टाटा मेमोरियलची फाइल काढायला लागा. तिथे गर्दी असते, म्हणून आधी लागा.

थांबू नये अशा खुणा सांगून ठेवतो: पापणी खाली पडली, नजर अंधूक झाली, डोळा पुढे आला, नाकात किंवा टाळूवर काळं दिसलं, पाणी गिळताना नाकातून आलं, तापाबरोबर डोकं असह्य दुखायला लागलं. यातलं एक जरी झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. बाकी वेळ या आठवड्याचा आहे. सोमवारी दुर्बीण आणि क्रिएटिनिन, दोन-तीन दिवसांत इंजेक्शनचा एमआरआय.

जाताना जुन्या एमआरआयची सीडी न्या, नुसता कागद नको. नवीन डॉक्टर त्याच फोटोंत पुन्हा त्या जागेकडे बघतील, आणि कधीकधी तिथेच काहीतरी सापडतं. एका कागदावर तारखा लिहा: गाल कधी, दाढ कधी काढली, दोन-दोन कधी, कान कधी. वडील तंबाखू खात असतील, मानेत कधी गाठ हाताला लागली असेल, नाकातून रक्त आलं असेल, वजन उतरलं असेल, तर तेही लिहा. ते स्वतः सांगणार नाहीत, आईला विचारा.

आणि तोवर त्यांना मोटारसायकल आणि ट्रॅक्टर चालवू देऊ नका. दोन रस्ते दिसणाऱ्या माणसाला खरा रस्ता कोणता हे ओळखता येत नाही. केळीच्या बागेत जायचंच असेल तर मेडिकलमधून डोळ्याची पट्टी आणा आणि एक डोळा झाकून पाठवा, दोन-दोन दिसणं लगेच थांबेल. पट्टी आज उजव्या डोळ्यावर, उद्या डाव्यावर अशी बदलत जा. कोयता मात्र काही दिवस दुसऱ्याच्या हातात द्या.